सुरतेचा भार वाहिलेले सुवाली बंदर

हजीऱ्याजवळचे सुवाली बंदर आता नांदते बंदर राहिलेले नाही. तापीच्या मुखाच्या उत्तरेला, किनारा आणि वाळूचा दांडा यांच्यामध्ये खोल पाण्याची एक पट्टी होती. सतराव्या शतकात सुरतेचा सातासमुद्रांपलीकडचा व्यापार त्या पाण्याच्या आधारावर चालला. त्या जुन्या सेवकास ही आदरांजली.

सुरत शहर नदीकाठी, समुद्रापासून आत. तापीचे मुख गाळाने उथळ असल्याने मोठी जहाजे सुवालीलाच नांगर टाकत. १६१२ मध्ये थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांची पोर्तुगीजांशी लढाई झाली ती इथेच. १६१५ मध्ये इंग्रज राजदूत थॉमस रो इथे उतरला आणि पुढे नवापूर, नंदुरबार करत बऱ्हाणपूरला गेला. आपल्या खानदेशातून येणाऱ्या वाटेला समुद्र भेटे तो या किनाऱ्यावर.

पावसाळा सरला की जहाजे येऊ लागत आणि किनाऱ्यावर तंबू व झोपड्यांचा बाजार भरे. निळीचे आणि सुती कापडाचे गठ्ठे बैलगाड्यांतून, होड्यांतून येत. गाडीवान, हमाल, तांडेल आणि खलाशी यांनी तो माल जहाजांवर पोचवला. जकातीचे नाके, पेढ्या आणि हवेल्या शहरात उभ्या राहिल्या. ओझे मात्र या गाडीवान-हमाल-खलाशांनी उचलले. त्यांची नावे इतिहासात फारशी उरली नाहीत. १६७० मध्ये शिवाजी महाराजांची सुरतेवर दुसरी स्वारी झाली, तेव्हा इंग्रजांनी आपला माल आधीच सुवालीला हलवला होता. शहराच्या धामधुमीतही या बंदराने आपले काम सोडले नाही.

१६८७ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला गेले. तिथे खोल आणि सुरक्षित पाणी होते. सुवालीत वाळू साचत गेली, जहाजे विरळ झाली आणि बंदर हळूहळू शांत झाले. यात दोष कुणाचाच नाही. जहाजे खोल पाण्याच्या शोधात जातातच.

आज हजीऱ्याच्या नव्या धक्क्यांना अजस्र जहाजे लागतात. विजयपूर-जगदीशपूरकडे जाणारी वायुवाहिनी इथूनच निघते. नोव्हेंबर २०२० पासून घोघ्याला जाणारी फेरीबोटही इथूनच सुटते. सुरतेला समुद्राशी जोडण्याचे काम अजून याच किनारपट्टीकडे आहे.

सुरतेच्या वैभवाची कथा सांगताना तिथल्या शेठ-सावकारांबरोबर सुवालीचे आणि तिथे राबलेल्या हमाल-खलाशांचेही नाव घ्यावे. सुरतेवर त्यांचे तेवढे ऋण नक्कीच आहे.