वर पोहोचेल तेवढे पाणी

घरात कोणतीही वस्तू आणायची, तर ती मोठ्यात मोठी आणावी, हा माझा जुना बाणा. छत्री घेतली, तर तिच्याखाली तिघे मावावेत. कुकर घेतला, तर त्यात पंगतीचा भात शिजावा. "लहान पडली तर पंचाईत, मोठी असली तर बिघडले कुठे?" हे माझे ठरलेले वाक्य. गेल्या भाद्रपदात तळहाताएवढ्या एका पंपाने ते वाक्य कायमचे खोडून टाकले.

पंप आमच्या चिरंजीवांच्या माशांच्या टाकीचा. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद नि दीड फूट उंच. पाणी समुद्राचे, म्हणजे चौपाटीवरचे नव्हे, खास मीठ तोलूनमापून घातलेले. आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी आणि दगडांवर डोलणारे मऊ प्रवाळ. टणक प्रवाळांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा ते घरात नकोत, हा त्याचा कटाक्ष. मला हा सारा कारभार उधळपट्टीचा वाटे आणि मी तसे बोलूनही दाखवी. "खारे पाणीच पाहायचे, तर दादरची चौपाटी काय वाईट आहे?"

पुढे तो शिक्षणासाठी जर्मनीला गेला. विमानतळावर आम्हां बापलेकांना बोलायला काही सुचेना. शेवटी त्याने माझ्या हातात एक वही दिली आणि म्हणाला, "बाबा, टाकीकडे बघाल ना?"

ऋषिपंचमीच्या सकाळी घरात काहीतरी चुकल्यासारखे वाटले. मग ध्यानात आले. ज्या घुरघुरीला मी इतके दिवस नावे ठेवली, ती थांबली होती! या टाकीखाली कपाटात आणखी एक टाकी असते. वरचे पाणी ओसंडून नळीने खाली येते, तिथे त्यातली घाण निघते, ते गार होते आणि पंप त्याला पुन्हा वर चढवतो. म्हणजे मासे वर आणि पाणी गार करणारे यंत्र खाली! पंप थांबला नि वरच्या पाण्याचा पारा दुपारपर्यंत २६ अंशांवरून २९ वर गेला. प्रवाळ मिटले.

"अहो, पोराला फोन करा," ही म्हणाली.

"पंपच आणायचा ना? त्यात काय विचारायचे?" असे म्हणून मी निघालो आणि दुकानातला सर्वांत मोठा पंप घेऊन आलो. खोक्यावर छापले होते : ताशी ६००० लिटर. संध्याकाळी मोठ्या थाटात बटण दाबले. पाणी उसळून वर आले खरे. पण खाली उतरणारी नळी जेमतेम इंचभर रुंदीची. तिला तो लोंढा पेलेना. पातळी काठाला लागली, काठ ओलांडला आणि समुद्र आमच्या सतरंजीवर आला. ही फडक्याकडे धावली, मी बटणाकडे.

जुना नि नवा असे दोन्ही पंप पिशवीत घालून मी पुन्हा दुकानात उभा राहिलो. दुकानदार भला माणूस. त्याने हसू दाबून विचारले, "काका, पाणी किती उंच चढवायचंय?"

"चार फूट."

"नि वाटेत एल्बो किती?"

"दोन."

"मग खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. तो पाणी मुळीच चढवायचं नसतानाचा. उंची वाढली की पाणी घटतं, प्रत्येक वळण थोडं खातं, आणि एका उंचीवर पंप नुसता फिरतो, वर थेंब येत नाही. खोक्याच्या बाजूला ही रेघ काढलेली असते, ती बघायची. तुमची टाकी अडीचशे लिटरची. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरलं की पुरे. प्रवाळांना लागणारी लाट आतले वेगळे पंप देतात. ते काम ह्याच्याकडून घ्यायचं नाही. आणि उतरणारी नळी पेलेल त्याहून जास्त पाणी वर चढवायचं नाही."

त्याने ३००० लिटरचा, वेग कमी-जास्त करता येणारा पंप काढून दिला. मग जुना उघडला. आतल्या चक्रीवर चुन्याचे पांढरे पुट बसले होते. "हा मेलेला नाही. व्हिनेगरमध्ये भिजवा. असा पंप घरात नेहमी दुसरा तयार असावा. शेवटचा साफ कधी केला होता?"

मी उत्तर दिले नाही. वहीच्या तिसऱ्या पानावर लिहिले होते : पंप महिन्यातून एकदा साफ करणे. ते पान मी उलटून टाकले होते.

घरी येऊन नवा पंप लावला. नळीचे वरचे तोंड दहा लिटरच्या बादलीत धरले आणि ही घड्याळ घेऊन बसली. तीस सेकंदांत बादली भरली. म्हणजे तासाला १२०० लिटर, आणि तेही खोक्यावरचे नव्हे, खरोखर वर पोहोचलेले! मग मुद्दाम वीज बंद करून पाहिली. वीज गेली की वरचे पाणी त्याच नळीने उलटे खाली येते, आणि आमच्या टाकीत एक इंच पातळी म्हणजे चौदा लिटर पाणी. म्हणून नळीचे तोंड पृष्ठभागाच्या जरासेच खाली ठेवले, म्हणजे पातळी थोडी उतरताच त्यात हवा शिरते नि ओघ तुटतो. खालची टाकी भरली, पण ओसंडली नाही. मध्यरात्री पारा २६ वर आला. सकाळी प्रवाळ उमलले, तेव्हा मी फोन उचलला.

सगळे सांगितले, तिसऱ्या पानाचेही. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला. "बाबा, ती ओळ मी माझ्यासाठीच लिहिली होती. मीसुद्धा टाळायचो." थोडे थांबून म्हणाला, "बादली किती सेकंदांत भरली?"

"तीस."

"म्हणजे बाराशे."

"हिशेब मी केलाय रे!"

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. इतके तो घरात असतानाही कधी बोललो नव्हतो.

परवा आकाशकंदील आणायला निघालो. सवयीने हिला विचारले, "चांगला मोठा आणू ना?"

ही म्हणाली, "आधी गॅलरीची उंची मोजा."