बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा

मुंबईकडून बडोद्याला जाणारे आपले बांधव बहुधा कमाटी बागेसाठी उतरतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पण या खेपेस राजवाडाही पाहायचा असे मंडळात ठरले.

लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम १८७८ साली सुरू झाले आणि १८९० साली पुरे झाले. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारले, मग रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. दरबार हॉलची मोझेकची फरशी, रंगीत काचांच्या खिडक्या, राजा रविवर्मा यांची चित्रे... आमची महिला मंडळी तिथून हलेनात!

हा वाडा बांधणारे सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे. शेतकऱ्याचे पोर, नाव गोपाळ. १८७५ साली इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढले, तेव्हा महाराणी जमनाबाईंनी बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतले. या राजाने १८८२-८३ च्या सुमारास अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक शिकवायला येईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यांच्या राणी दुसऱ्या चिमणाबाई यांनी पडदा सोडला. १९२७ च्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा. आवारातच राजकुमारांची शाळा होती, तिथे आज संग्रहालय आहे.

याच महाराजांनी बाबासाहेबांना कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ साली अमेरिकेला पाठवले. करारापोटी बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. एवढा मोठा वाडा ज्या शहरात, त्या शहरात त्यांना खोली मिळेना! शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. भाडे दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळ, सोबतीला एक कंदील. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. आम्ही कारकून माणसे, अर्ज कसा फिरतो आणि कोणाचा फिरतो हे आम्हाला कोणी सांगायला नको. महाराजांचे मन मोठे होते, यात शंका नाही; पण मधल्या टेबलांचे काय?

अर्ज दिवाणांपर्यंत पोचण्याआधीच, अकराव्या दिवशी, दहाबारा पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असे त्यांनी बजावले. बाबासाहेबांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही घरात घेतले नाही. दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत बाबासाहेब कमाटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात.

राजवाड्यात गायकवाड घराणे आजही राहते. काही भाग तिकीट काढून पाहता येतो. सोमवारी बंद असतो, तो दिवस टाळावा. बाग स्टेशनपासून जवळ आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी राजवाडा दाखवावा, मग बागेत बसून शिदोरी सोडावी. दोन जागांमधले अंतर मुलांना चालूनच कळू द्यावे.