जुनी गायिका, नवी तबकडी

आवडत्या गायिकेची नवी तबकडी हातीं पडली म्हणजे रसिकाला निर्भेळ आनंद होतो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं आजवर कुणा गायिकेवर मनापासून लोभ केलेला नसावा. माझा अनुभव अगदीं उलट आहे. अशी तबकडी आली कीं माझ्या पोटांत प्रथम गोळा उठतो. पुष्कळ वर्षांनीं भेटणाऱ्या बालमित्राला उतरवून घ्यायला स्टेशनावर जावें, आणि गाडी फलाटाला लागतांना ‘आपण त्याला ओळखूं ना? आणि ओळखलें, तरी तो आतां आपल्याला आवडेल ना?’ अशी धाकधूक वाटावी, त्यांतलाच हा प्रकार. मग गाणें सुरू होतें. पण आपण तें ऐकत नसतों. आपण झडती घेत असतों. आवाज तोच आहे ना? कुणाच्या नादीं लागून बाईनें आपला बाज तर बदलला नाहीं ना? कलावंतानें नित्य नवें कांहीं द्यावें असें आपण तोंडानें म्हणतों खरें. पण मनांतून मागतों तें जुनेंच, फक्त नव्या वेष्टनांत.

माझ्या बाबतींत ही गायिका म्हणजे अमेरिकेंतील लोरेटा लिन. हें नांव आमच्या प्राध्यापकांच्या खोलींत मीं प्रथम उच्चारलें, तेव्हां एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनीं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलें. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्यानें बेथोव्हेनचें नांव घ्यावें, फार तर जाझपर्यंत खालीं उतरावें. पण तिकडचे लोक ज्याला ‘कंट्री’ म्हणतात तें खेडवळ संगीत आवडीनें ऐकावें, हें त्यांना शिष्टसंमत वाटलें नाहीं. पण माझा तरी काय इलाज होता? १९८८ सालीं मी पुण्यास कॉलेजांत असतांना अमेरिकेहून आलेल्या मामांनीं मला एक कॅसेट दिली. मामांना स्वतःला संगीतांतलें कांहीं कळत नव्हतें. विमानतळावर खिशांत उरलेल्या सुट्या पैशांत जें मिळालें तें त्यांनीं घेतलें होतें. त्या कॅसेटनें माझें वसतिगृहांतलें एक वर्ष व्यापून टाकलें. शब्द पुरते समजायला मला महिना लागला, कारण केंटकीच्या डोंगरांतली ती इंग्रजी आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठेंच नव्हती. पण ही बाई खोटें बोलत नाहीं, एवढें पहिल्या दिवशींच समजलें.

तिचें चरित्र तिच्या गाण्यांहून निराळें सांगावें लागत नाहीं. १९३२ सालीं केंटकींतील बुचर हॉलो नांवाच्या डोंगरकपारींत, कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुराच्या घरीं, आठ भावंडांतली दुसरी म्हणून ती जन्मली. १५ व्या वर्षीं लग्न झालें आणि विशी गांठेपर्यंत पदरीं चार मुलें आलीं. नवऱ्यानें १७ डॉलरांची एक गिटार आणून दिली. तिच्यावर ती आपली आपण शिकली. १९६० सालीं पहिली तबकडी निघाली, तेव्हां नवराबायको मोटारींत बसून गांवोगांवच्या रेडिओ-केंद्रांवर ती स्वतः पोंचवीत हिंडलीं. पुढें मात्र तिच्या गाण्यांनीं तिकडची सोंवळी मंडळी चांगलीच चपापली. दारू पिऊन घरीं परतणाऱ्या नवऱ्याला तिनें गाण्यांतून खडसावलें. घटस्फोटितेकडे वळणाऱ्या जगाच्या नजरेवर ‘रेटेड एक्स’ लिहिलें. आणि संततिनियमनाच्या गोळीचें हंसत स्वागत करणारें ‘द पिल’ हें तिचें गाणें १९७५ सालीं निघालें, तेव्हां कित्येक रेडिओ-केंद्रांनीं तें वाजविण्याचें नाकारलें. कंट्री म्युझिक असोसिएशननें वर्षांतील सर्वश्रेष्ठ कलावंताचा मान १९७२ सालीं तिला दिला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री. या गाण्यांतला नवरा केवळ कविकल्पना नव्हता. त्याचें पिणें आणि त्याचें बाहेरख्यालीपण यांवर तिनें आत्मचरित्रांतही पांघरूण घातलें नाहीं.

वीस वर्षांच्या मला हीं गाणीं इतकीं कां भिडलीं, हें मीं त्या वेळीं कुणाला सांगितलें नाहीं. आमच्या घरीं दारूचें नांव नव्हतें. पण अण्णांचा राग होता. भाजींत मीठ कमी पडलें तर ते एक शब्द न बोलता ताट सरकवून उठत, आणि मग दोन दोन दिवस घरांत भांड्यांखेरीज कशाचा आवाज होत नसे. आई मुकाट्यानें सोसणारी होती असें मात्र नव्हे. ती फटकन उत्तर देई, मोरीशीं उभी राहून तासभर पुटपुटे. एकदां तर मला आणि बहिणीला घेऊन ती वीस दिवस माहेरीं जाऊन राहिली होती. लोरेटा लिन कॅसेटमधून नवऱ्याला झाडूं लागली कीं मला वाटे, ही आपल्या आईचीच बाजू मांडते आहे, आणि तीही भर चौकांत. तिच्यावरचा माझा लोभ हा असा निव्वळ संगीताचा नव्हता. मी तिला वकीलपत्र दिलें होतें.

पुढें माझें शिक्षण संपलें, नोकरी लागली, आणि २००४ च्या एप्रिलांत ‘व्हॅन लीअर रोझ’ ही तिची नवी तबकडी निघाली. बाईंचें वय तेव्हां ७२. व्हॅन लीअर हें तिच्या जन्मस्थानाजवळचें खाणगांव. तबकडींत १३ गाणीं होतीं, आणि सगळींच्या सगळीं तिनें एकटीनें किंवा कुणाच्या साथीनें रचलेलीं.  पण माझ्या पोटांत गोळा उठला तो निर्मात्याचें नांव वाचून. जॅक व्हाइट हा २८ वर्षांचा तरुण रॉक संगीतांतला, कर्कश गिटारीबद्दल नांवाजलेला. त्यानें २००१ सालीं आपल्या मंडळाची एक तबकडी लोरेटा लिनलाच अर्पण केली होती. पण भक्ति निराळी आणि देवाला अंघोळ घालणें निराळें, असें माझें मत पडलें. मीं कागद-पेन्सिल घेतली आणि उत्तरपत्रिका तपासावी तसे एकेका गाण्याला गुण देत गेलों.

‘फॅमिली ट्री’ला मीं पैकीच्या पैकीं गुण दिले. नवऱ्याच्या दुसऱ्या बाईच्या दारीं बायको मुलांना घेऊन जाऊन उभी राहते, एवढाच त्याचा विषय; पण त्या बाईला तिनें काय काय ऐकविलें तें ऐकत असतांना दार उघडलेलें डोळ्यांपुढें दिसतें. तबकडीचें नांव ज्यावरून पडलें तें आईबापांच्या जुन्या प्रेमाचें गाणें, आणि ‘लिट्ल रेड शूज’ ही बालपणची आठवण हींही मला आवडलीं. ही आठवण ती गातच नाहीं. ओसरीवर बसून सांगावी तशी ती सांगते आणि वाद्यें मागून अदबीनें चालतात. ‘पोर्टलंड, ऑरेगन’ला मात्र मीं नापास केलें. गाणें सुरू होण्याआधीं गिटारी बराच वेळ नुसत्या घोंघावत राहतात, मग ढोल आदळतात, आणि मद्यगृहांतल्या भेटीचें तें युगलगीत ७२ वर्षांची बाई आणि २८ वर्षांचा निर्माता मिळून म्हणतात! मला तें पोरकट वाटलें. पुढच्या वर्षीं त्या तबकडीला दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं, आणि त्यांतलें एक नेमकें याच गाण्याला. परीक्षकांनीं माझी गुणपत्रिका पाहिली नसावी.

तथापि माझी खरी तक्रार गोंगाटाविषयीं नव्हती. ती होती ‘मिस बीइंग मिसेस’ या लहानशा गाण्याविषयीं. तिचा नवरा १९९६ सालीं वारला होता. या गाण्यांत विधवा स्त्री लग्नाची अंगठी डाव्या हातांतून काढून उजव्या हातांत घालते, आणि कुणाची तरी बायको असण्याला आपण मुकलों, असें म्हणून झुरते. मला संताप आला. ‘द पिल’ म्हणणाऱ्या बाईनें हें म्हणावें? ज्यानें जन्मभर छळलें त्याच्यासाठीं आतां उसासे? मीं त्या गाण्याला शून्य दिलें आणि एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत ठोकून दिलें, “म्हातारपणीं बाईंचा धीर सुटला. आयुष्यभर मांडलेला सिद्धान्त शेवटच्या पानावर त्यांनीं स्वतःच खोडला.” पत्रांतलें हें वाक्य मला त्या वेळीं फार आवडलें होतें.

२०११ सालीं अण्णा गेले. दिवसवार आटोपले, पाहुणे पांगले, आणि आई माझ्याकडे राहावयास आली. मनांतून माझी एक कल्पना होती, ती आज लिहितांनाही संकोच वाटतो: कीं आतां आई जरा सुखानें श्वास घेईल. पण ती दिवसेंदिवस आक्रसत चालली. मंगळसूत्रांतल्या दोन वाट्या तिनें एका दोऱ्यांत ओवून कुंकवाच्या करंड्यांत ठेवल्या होत्या. दुपारीं कुणी जवळ नाहीं असें पाहून ती तो करंडा उघडी आणि मिटी. तिसऱ्या महिन्यांत एका संध्याकाळीं मला राहवलें नाहीं. मीं म्हटलें, “आई, आतां तुला कुणाचा धाक नाहीं. जरा मोकळेपणानं राहा ना.”

ती वाती वळीत होती. हातांतलें काम न थांबवितां म्हणाली, “धाक गेला रे. पण भांडायला तरी कोण उरलं?”

मी निरुत्तर झालों. तिच्या स्वरांत अण्णांना क्षमा नव्हती. एकही जुनी तक्रार तिनें मागें घेतली नव्हती. सरकविलेलीं ताटें तिला सारीं आठवत होतीं, आणि तींच आतां ती आठवणीनें जपत होती.

त्या रात्रीं मीं ती तबकडी पुन्हां काढली. सात वर्षांत लावली नव्हती. ‘मिस बीइंग मिसेस’ लावलें, आणि पहिली गोष्ट लक्षांत आली ती ही कीं ज्या पोरावर मीं गोंगाटाचा आरोप ठेवला होता त्यानें येथें ढोल बंद ठेवले आहेत. बाईच्या आवाजाखालीं एक गिटार तेवढी आहे. कुठें बोलावें आणि कुठें मान खालीं घालून बसावें, हें त्या २८ वर्षांच्या मुलाला कळलें होतें. ३६ वर्षांच्या प्राध्यापकाला कळलें नव्हतें. दुसरी गोष्ट अशी कीं तें गाणें एकटें काढून ऐकणेंच चूक होतें. याच तबकडींत नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावर तुटून पडणारी बायको आहे; ‘विमेन्स प्रिझन’मध्यें तर तशाच नवऱ्याचा जीव घेऊन मरणाची वाट पाहणारी स्त्री आहे; आणि त्यांच्याच शेजारीं ही अंगठी या हातांतून त्या हातांत घालणारी विधवा. तिनें पहिलें कांहींच खोडलेलें नाहीं. सारें एकाच स्त्रीच्या पोटांत मावतें, एवढेंच ती सांगते आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत तरी दुसरें काय आहे? एका ओवींत सासरचा जाच, लगेच दुसरींत भरताराचें कौतुक. आणि जातें ओढणाऱ्या बाईला ‘तुझा सिद्धान्त कोणता?’ असें विचारण्याचें धाडस आजवर कुणी केलें नाहीं. तें आम्हां पदवीधरांनाच सुचतें. माणसानें प्रबंधासारखें सुसंगत असावें, निदान आपल्या आवडत्या माणसानें तरी असावें, असा आमचा हट्ट असतो. मीं लोरेटा लिनला वकील नेमलें होतें. ती साक्षीदार होती, आणि साक्षीदारानें सगळेंच सांगावयाचें असतें.

त्यानंतर २०२१ च्या मार्चांत, वयाच्या ८८ व्या वर्षीं, तिची आणखी एक तबकडी निघाली. तींत कांहीं जुनीं गाणीं तिनें पुन्हां म्हटलीं होतीं. या खेपेस मी कागद-पेन्सिल घेऊन बसलों नाहीं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं ती गेली, आणि आतां नव्या तबकडीची धाकधूक कायमची संपली. ती धाकधूकही एक सुख होतें, हें कळायला मात्र उशीर झाला.

‘व्हॅन लीअर रोझ’च्या वेष्टनांत माझी ती गुणपत्रिका अजून घडी घालून ठेवलेली आहे. एका गाण्यापुढचें शून्य मीं त्या रात्रींच खोडलें. ‘पोर्टलंड, ऑरेगन’चे गुण मात्र मी वाढविणार नव्हतों, तें गाणें अजूनही मला कर्कश वाटतें. पण गेल्या दिवाळींत मी ती तबकडी लावून बसलों असतांना आई काठी टेकीत खोलींत आली आणि खुर्चींत बसली. ‘मिस बीइंग मिसेस’ तिनें डोळे मिटून ऐकलें. इंग्रजी तिला येत नाहीं, आणि गाणें संपल्यावर “रडकं आहे,” एवढाच तिनें शेरा मारला. मग मीं तबकडी पहिल्यापासून लावली. गिटारी घोंघावूं लागल्या, ढोल आदळले, आणि मी घाईनें आवाज कमी करावयास उठलों, तोंच पाहतों तर आईची काठी फरशीवर ठेका धरीत होती.

“बंद नको करूस,” ती म्हणाली. “हें जरा मोठ्यानं लाव.”