घरबसल्या शुश्रूषा

गतवर्षीं ज्येष्ठांत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला. धाकट्या बंधूंची कन्या विज्ञानशाखेची बारावी उत्तीर्ण झाली आणि "मला परिचारिका व्हावयाचें आहे," असें तिनें सर्वांसमक्ष सांगितलें. घर आमचें चौदा माणसांचें, जालन्याच्या जुन्या वस्तींतलें. उघड विरोध कोणीं केला नाहीं. काळ पालटला आहे हें आतां सर्वांनाच उमगतें. परंतु दुसऱ्या दिवशीं बंधूंनीं मोबाइलवर आलेली एक जाहिरात आम्हांस दाखविली. घरीं बसून, ऑनलाइन, परिचर्येची पदवी ! वसतिगृह नको, रात्रपाळी नको, परगांव नको. अमेरिकेंतील आमच्या भाच्यानेंही दूरध्वनीवरून सांगितलें कीं, तिकडे असे अभ्यासक्रम सर्रास आहेत. वडीलकीच्या नात्यानें निर्णय आमच्याकडे आला, आणि ती युक्ति आम्हांसही पसंत पडली, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे.

राहिला प्रश्न प्रात्यक्षिकाचा. पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास गांवांत ओळखीची उणीव नसते. आमचा एक जुना विद्यार्थी येथें शस्त्रवैद्य आहे. त्याचें स्वतःचें लहानसें रुग्णालय आहे. त्याच्याकडे जाऊन आम्ही म्हणालों, "मुलगी घरीं शिकेल आणि सायंकाळीं दोन तास तुझ्याकडे येऊन हात बसवील." त्यानें आम्हांस आदरानें बसविलें, चहा मागविला आणि म्हणाला, "गुरुजी, माझ्याकडे ती दहा वर्षें आली, तरी त्यास कोणी शिक्षण म्हणणार नाहीं."

मग त्यानें जें समजाविलें, तें आम्हीं घरीं येऊन नियमांशीं ताडून पाहिलें. परिचर्येच्या शिक्षणाचें मान भारतीय परिचर्या परिषद ठरविते. ही परिषद १९४७ च्या कायद्यान्वयें स्थापन झाली. मुक्त व ऑनलाइन शिक्षणासंबंधीं विद्यापीठ अनुदान आयोगाचे जे २०२० चे नियम आहेत, त्या पद्धतीनें जे विषय शिकवावयाचे नाहींत, त्यांत वैद्यक व औषधनिर्माण यांच्याबरोबर परिचर्याही येते. पदवीचा क्रम चार वर्षांचा. महाराष्ट्रांतील बहुतेक महाविद्यालयें नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठास जोडलेलीं आहेत, आणि प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेनें होतो. महाविद्यालयामागें निदान शंभर खाटांचें रुग्णालय असावें लागतें. एका विद्यार्थिनीमागें तीन रुग्ण, असें प्रमाण धरिलें आहे. औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूति, बालरोग, मनोरोग आणि खेड्यापाड्यांतील आरोग्य, या प्रत्येक विभागांत शिक्षिकेच्या देखरेखीखालीं ठराविक तास भरावे लागतात. त्यांवांचून महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदपुस्तकांत नांव चढत नाहीं, आणि नांव चढल्यावांचून पदवीचा कागद भिंतीवर लावण्यापुरताच.

मग आमचा भाचा खोटें बोलला काय ? तसेंही नाहीं. तिकडील असे बहुतेक अभ्यासक्रम आधींच नोंद झालेल्या परिचारिकांसाठीं आहेत. खाटेजवळ उभें राहून ज्यांचे हात तयार झाले, त्यांस वरची पदवी घरून मिळवितां येते. आपल्याकडे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानें दूरशिक्षणाचा जो पदवीक्रम काढला, तोही तीन वर्षांचा पदविकाक्रम पुरा करून नोंद झालेल्या परिचारिकांसाठींच काढला. म्हणजे कळस घरीं चढवितां येतो. पाया मात्र रुग्णालयांतच घालावा लागतो.

पाठशाळेंत असतांना आम्हीं चरकसंहितेचें सूत्रस्थान वाचलें होतें. त्यांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचेही चार गुण दिले आहेत: उपचारांचें ज्ञान, हाताचें कौशल्य, रोग्याविषयीं स्नेह आणि शुचिता. त्यांतील पहिला गुण पडद्यावरून थोडाफार शिकतां येईल. उरलेल्या तिहींसाठीं समोर रोगी पाहिजे. हें पूर्वींच पढलेलें असूनही जाहिरात पाहतांना आम्हांस आठवलें नाहीं. कां आठवलें नाहीं, याचें उत्तर आमच्या थोरल्या चुलत बहिणीनें, म्हणजे अक्कानें दिलें.

गोष्ट १९७८ ची. जालना तेव्हां औरंगाबाद जिल्ह्यांत होतें; स्वतंत्र जिल्हा पुढें १ मे १९८१ रोजीं झाला. अक्कास परिचारिका व्हावयाचें होतें. आजोबा म्हणाले, "परक्यांचें मलमूत्र काढणें हें आपल्या घरांतील मुलीचें काम नव्हे." आम्ही वीस वर्षांचे होतों. अक्कानें आमच्याकडे पाहिलें आणि आम्हीं पुस्तकांत डोळे घातले. पुढें दोनच वर्षांनीं आजोबांस अर्धांगवायु झाला. तीन वर्षें त्यांचें सर्व कांहीं अक्कानेंच केलें. जें काम आपलें नव्हे म्हणून सांगितलें गेलें, तेंच तिनें केलें. केवळ वेतनावांचून, आणि कोणीं शिकविल्यावांचून.

आतां सत्तरीस आलेली अक्का त्या आठवड्यांत माहेरपणास आली होती. सर्व वाद ऐकून ती एवढेंच म्हणाली, "आजोबांना कुशीवर कसें वळवायचें, तें मी चुकत चुकत शिकलें. तोंवर त्यांच्या पाठीला जखम झाली होती. कोणी दाखवायला असतें, तर ती झाली नसती." नंतर कोणी बोललें नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं स्वतःस विचारून पाहिलें. घरबसल्या पदवी आम्हांस कां रुचली ? पैसा वाचतो म्हणून नव्हे. परका रोगी, परका पुरुष, रात्रपाळी, यांपासून मुलीस दूर ठेवून परिचारिका मात्र म्हणवून घ्यावें, असा आमचा बेत होता. आजोबांचाच नकार आम्हीं नव्या यंत्रांतून दिला होता. सकाळीं हें आम्हीं बंधूंसही सांगितलें आणि जाहिरातीचा विषय तेथेंच संपला.

सामाईक परीक्षा मुलीनें आधींच दिलेली होती. तिला मराठवाड्यांतच, परंतु घरापासून दूर प्रवेश मिळाला. ज्या घरीं असा प्रश्न निघेल, त्यांनीं संस्थेस तीनच गोष्टी विचाराव्यात: परिषदेची मान्यता आहे काय, रुग्णालय कोणतें व खाटा किती, आणि शेवटीं राज्याच्या नोंदपुस्तकांत नांव लागेल काय. जालन्यास ऑक्टोबर २०२४ मध्यें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें. खाटा वाढतील, त्यांच्याजवळ उभें राहणारें माणूस कोणत्या तरी घरांतूनच यावें लागेल.

संक्रांतीस मुलगी सुट्टीवर आली. तिनें आम्हांसच खाटेवर निजविलें, गुडघा दुमडला, एक हात खांद्यामागें व एक कमरेमागें घालून अलगद कुशीवर वळविलें, आणि पाठीशीं उशी लाविली. अक्का खाटेशीं उभी होती. "पुन्हा एकदा दाखव," ती म्हणाली. आम्ही पुन्हा उताणे झालों.