हळदीची साक्ष

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची लगबग चालली होती. तबक घेऊन ओटीवरून माजघरात जाताना एका मुलीच्या हातून हळदीची कोयरी कलंडली आणि झोपाळ्यावर ठेवलेल्या आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर पिवळाधमक डाग उमटला. कुणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी तो घालवावा, या हेतूने तिने उपरणे मोरीत नेऊन त्यावर साबण चोळला. तो काय! पिवळा डाग क्षणार्धात लाल झाला. एक चूक लपवावयास जावे, तो दुसरी होऊन बसली, असे वाटून तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

आजी केव्हाच मागे येऊन उभी राहिली होती. ती रागावली नाही. तिने उपरणे पाण्यात खळबळले व डागावर लिंबाची फोड पिळली. लाली ओसरली, हळद पुन्हा पिवळी झाली.

"अगं, कुंकू तरी कशाचे करतात? हळदीचेच ना? चुन्याच्या संगतीत ती लाल होते, लिंबाच्या संगतीत मूळ रंगावर येते," आजी म्हणाली.

आजीच्या या साध्या बोलण्यात रसायनशास्त्रातील एक मोठे तत्त्व आहे. लिंबू, चिंच, ताक यांना आंबटपणा येतो तो आम्लांमुळे. चुना, धुण्याचा सोडा हे पदार्थ विरुद्ध गुणांचे. त्यांना आम्लारी म्हणतात. आंबट चव जिभेला कळते हे खरे. परंतु प्रत्येक पदार्थ जिभेवर ठेवून पाहता येत नाही. विरल गंधकाम्ल, कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि पिण्याचे पाणी ही तिन्ही डोळ्यांना सारखीच स्वच्छ दिसतात. चुकून घोट घेतला, तर प्राणांवर बेतावयाचे! म्हणून येथे साक्ष काढावयाची ती रंगाची.

रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या रंगांविषयीच्या ग्रंथात ही युक्ती सांगितली आहे. व्हायोलेट नावाच्या फुलांचा निळसर पाक आम्लाने तांबडा व आम्लारीने हिरवा होतो, असे त्याने दाखवून दिले. शाळेतील लिटमसचा रंग दगडफुलासारख्याच शैवाकांपासून काढतात. आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, आम्लारीत तांबडा लिटमस निळा होतो. हळद मात्र केवळ आम्लारीचीच साक्ष देते. आम्लात ती पिवळीच राहते.

पुढे १९०९ साली डेन्मार्कमधील सोरेनसेन याने आम्लता अंकांनी मोजण्याची रीत घालून दिली. त्या अंकास मराठीत सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याहून कमी तो आम्लाचा, अधिक तो आम्लारीचा. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो. या मापात एका अंकाचे अंतर म्हणजे दहापट फरक!

आम्ल आणि आम्लारी एकत्र आली की परस्परांचा जोर नाहीसा करतात. हायड्रोक्लोरिक आम्ल कातडी भाजते, कॉस्टिक सोडाही भाजतो. पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली, तर उरते ते मीठ आणि पाणी. या क्रियेस उदासिनीकरण म्हणतात. मात्र प्रमाण चुकले, तर जे अधिक असेल त्याचा दाहक गुण शिल्लक राहतो. शिवाय क्रिया होताना उष्णता निर्माण होते. म्हणूनच डोळ्यात चुना उडाला, तर लिंबाचा उपाय कधीही करू नये. डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. कापडाला जे चालते, ते डोळ्याला चालत नाही.

आजीने उपरणे पुन्हा धुऊन कडक उन्हात वाळत घातले. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. सायंकाळपर्यंत डाग पुष्कळच फिका झाला. तरीही मुलीला राहवेना. उपरणे हातात घेऊन ती आजोबांपुढे गेली आणि घडले ते सारे तिने सांगून टाकले.

आजोबांनी उपरणे उलटसुलट करून पाहिले. मग तिला जवळ बसवून ते म्हणाले, "डागाचे राहू दे. लिंबाने लाली कशी गेली, ते मला नीट समजावून सांग पाहू."

आणि डोळे पुसून ती सांगू लागली.