चिलट

माझे सासरे, अण्णा, वायुदलात फिटर होते. मी बँकेत. घरातला फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधायला लागतो. एवढं सांगितलं म्हणजे आम्हा दोघांमधल्या अंतराची कल्पना यावी. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण अण्णांनी मला कधी 'अहो जाहो'शिवाय हाक मारली नाही. त्यांच्या मदतीला म्हणून पुढे झालो, की "जावईबापू, तुम्ही बसा!" लोकांना तो जावयाचा मान वाटे. मला त्यात 'कशाला हात लावू नका' एवढंच ऐकू येई.

अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला काय द्यावं? सौ. म्हणाली, शाल. शाली त्यांच्याकडे अकरा आहेत. मी म्हटलं, नॅट देऊ. १९७१ च्या युद्धात अण्णा याच विमानावर होते. नॅट म्हणजे चिलट. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट. पण अशाच एका चिलटातून १४ डिसेंबर १९७१ ला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी लढले आणि कामी आले. परमवीरचक्र मिळालेले वायुदलातले ते आजवरचे एकटेच.

भाच्यानं लंडनहून नॅटचा खोका आणला. प्लॅस्टिकचे सुटे भाग, प्रमाण १:७२. पहिल्याच रात्री पुढचं चाक हरवलं. ते सकाळी सौ.ला पोह्यांत सापडलं. गोंद पंख सोडून सगळ्याला चिकटला. कॉकपिटच्या काचेला झटपट चिकटणारा गोंद लावला, तर त्याच्या वाफेनं काच पांढरीफटक! अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, विमानाचं राहिलं. नाकात वजन भरायचं असतं हे नंतर कळलं, तोवर विमान शेपटीवर बसून आकाशाकडे बघत होतं.

समारंभात अण्णांनी चष्मा पुसला, विमान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, हे ट्रेनर आहे. इंग्रजांचं. आमच्या नॅटला एकच खुर्ची असायची. ही दुसरी कुणासाठी, तुमच्यासाठी?"

सगळा हॉल हसला. मीही हसलो. जेवणात मात्र जिलबी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अण्णांचा फोन. "हॅक्सॉचं पातं घेऊन या."

गेलो. टेबलावर वर्तमानपत्र पसरून विमान ठेवलेलं. ट्रेनरचे पंख २४ फुटांचे, म्हणजे आमच्या मापानं प्रत्येक बाजूला चार मिलिमीटर जास्त. खुर्चीचं नंतर बघू, आधी पंख, असं अण्णांनी ठरवलेलं. पेन्सिलीनं त्यांनी खूण केली. रेघ वाकडी आली. खोडून पुन्हा मारली. पुन्हा वाकडी. थोडा वेळ ते आपल्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत राहिले. मग काही न बोलता पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

मी रेघ मारली, पातं टेकवलं.

"सावकाश, जावईबापू. सावकाश. अहो, तिरपं जातंय... अरे, सरळ धर ना! डाव्या हातानं दाब! अंगठा काढ तिथून, कापशील!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या असाव्यात. मी मान वर केली नाही. दुसरा पंख अजून कापायचा होता.