मुकी डबी

आमच्या घरात आवाज करणाऱ्या वस्तूंची वाण कधीच नव्हती. शिट्ट्या घालणारा कुकर, कुरकुरणारे दार आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारा मी! त्यामुळे 2016 च्या दिवाळीत माझ्या पुतण्याने स्नानगृहाबाहेरच्या बोळात एक पांढरी डबी भिंतीला ठोकली, तेव्हा तिचा अबोलपणाच मला प्रथम आवडला.

पुतण्या रसायनांच्या कारखान्यात नोकरीस आहे. आमचा गॅसचा गीझर स्नानगृहाच्या आतच आहे हे पाहून तो अस्वस्थ झाला होता. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट सोयरीक जोडतो, आणि माणूस आधी डोके दुखते म्हणतो, मग काहीच म्हणत नाही.

डबीच्या पोटातील योजना मला मोठी गमतीची वाटली. विजेरीतल्या घटाचाच तो एक भाऊबंद. सूक्ष्म छिद्रातून हवा आत शिरते. प्लॅटिनमच्या थराशी या वायूची गाठ पडली, की पाण्यातला प्राणवायू घेऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि सुटलेले इलेक्ट्रॉन तारेवाटे पलीकडच्या ध्रुवाकडे निघतात. दोन्ही ध्रुवांच्या मध्ये गंधकाम्ल. वायू जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. पण तो इतका क्षीण, की अँपियरच्या अब्जांशांत मोजावा लागतो. चोरानेच येताना दाराची घंटा वाजवावी, असला हा प्रकार!

पूर्वी इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत हे काम कॅनरी पक्ष्यांकडे असे. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ती युक्ती सुचविली, आणि 1986 पर्यंत ती चालली. पक्षी दांडीवरून खाली पडला, की खाणकऱ्यांनी बाहेर धावावे. पक्ष्यापेक्षा डबी बरी, असे मी त्या वेळी मनाशी ठरवून टाकले. तिला दाणापाणी नको, आणि तिच्या मरणाचे पापही नको.

दर रविवारी मी तिचे बटण दाबत असे. ती कर्कश किंचाळे. मी समाधानाने चहाकडे वळे. सौभाग्यवती म्हणत, "अहो, तुम्ही छेडल्याशिवाय ही कधी बोलली आहे का?" मी सांगे, "आपली हवा शुद्ध आहे, म्हणून बोलत नाही!"

2024 च्या दिवाळीत पुतण्या पुन्हा आला. त्याच सुमारास सूनबाईंचे डोके सकाळी फार दुखू लागले होते. रात्रीच्या जागरणावर आणि चष्म्याच्या नंबरावर आम्ही सर्वांनी मिळून तो दोष ढकलला होता. शेजारच्या बांधकामाची धूळ नको, म्हणून स्नानगृहाची झडपांची खिडकी मीच पुठ्ठ्याने बंद केली होती. पुतण्याने डबी काढून तिची पाठ पाहिली. "काका, हिची मुदत सात वर्षांची होती." मी बटण दाबून दाखवले. डबी किंचाळली. तो म्हणाला, "ती शिट्टीची परीक्षा झाली, नाकाची नव्हे." कारखान्यात अशी यंत्रे खऱ्या वायूचा झोत देऊन तपासतात. दुसऱ्या खेपेस तो त्या वायूची लहानशी नळकांडी घेऊन आला. झोत सोडला. पडद्यावर शून्य. पुन्हा सोडला. शून्यच.

शुद्ध हवेतही शून्य, आणि घट मेला तरी शून्य! कॅनरी निदान मरून तरी काही सांगत असे. मुदत संपल्याची सूचना स्वतः देणाऱ्या डब्याही असतात म्हणे. आमची त्यांतली नव्हती.

नवी डबी त्याच दिवशी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी एकामागून एक अंघोळी चालल्या होत्या. शेवटी सूनबाई आत होत्या. डबी ओरडू लागली, आणि या वेळी बटण कोणीही दाबले नव्हते. चिरंजीवांनी दार ठोठावले. उघडायला जो वेळ लागला, तो अर्ध्या मिनिटाहून अधिक नसेल. पण तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोर तो पुठ्ठा उभा राहिला. सूनबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. गॅलरीत मोकळ्या हवेत बसवून आम्ही तसेच त्यांना डॉक्टरांकडे नेले. त्या बऱ्या झाल्या.

गीझर आता बाहेरच्या गॅलरीत आहे. पुठ्ठा मी फाडून टाकला. जुनी डबी मात्र माझ्या मेजाच्या खणात आहे. परवा तिचे बटण दाबून पाहिले. आवाज अजून पहिल्यासारखाच खणखणीत आहे.